‘काहून’ म्हणणारा रॉक

बारावीनंतर अकोल्या-अमरावतीची पोरं पुण्याला शिकायला जातात. मेसमध्ये तोंडातून एखादं ‘काहून’ निघालं की अख्खं टेबल हसतं. मग आपलं पोरगं आपली बोली घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवतं. तुमच्या ताई-दादाचं असं झालं असेल, तर आजची पहिली शिफारस त्यांना ऐकवाच.

डब्लिन ही आयर्लंडची राजधानी. तिथल्या पाच जणांच्या बँडचं नाव ‘फाँटेन्स डी. सी.’. डी. सी. म्हणजे डब्लिन सिटी! इंग्रजी रॉक गाणारे पुष्कळ जण गाताना अमेरिकन उच्चार करतात. हे पठ्ठे मात्र आपल्या गल्लीतल्या उच्चारातच गातात. त्यांचा ‘रोमान्स’ हा अल्बम २०२४ साली आला. (नाव वाचून आईबाबांनी दचकू नये!) त्यातलं ‘स्टारबर्स्टर’ जरूर ऐका. गायक ग्रिअन चॅटनला लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता. एकाएकी श्वास कोंडतो, काही सुचत नाही, तसं. त्यातूनच हे गाणं आलं. धृपदात तो जोरात श्वास आत ओढतो आणि तो श्वासच ठेक्यात बसतो. परीक्षेच्या हॉलबाहेर ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना शब्द नाही समजले तरी हे कळेल.

मला विचाराल तर त्याआधीचा ‘स्किंटी फिया’ (२०२२) जास्त कसदार. त्यातल्या पहिल्या गाण्याचं नाव चक्क आयरिश भाषेत आहे. अर्थ, ‘आमच्या हृदयात सदैव’. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर हे शब्द कोरायचे होते. २०२० साली चर्चच्या न्यायालयाने सांगितलं, सोबत इंग्रजी भाषांतर असेल तरच! कुटुंब अपिलात गेलं आणि २०२१ मध्ये जिंकलं. गाण्यात हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, भजनातल्या पालुपदासारखे. आईच्या थडग्यावर आईची भाषा, यात भाषांतर काहून पाहिजे?

दुसरा अल्बम ‘द क्युअर’ या इंग्रज बँडचा, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ (२०२४). तब्बल १६ वर्षांनी आला. गाणी आठच. अकोल्याहून एस.टी.त बसलात तर मूर्तिजापूर येता येता संपतो. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं नुसतं संगीत, मग कुठे रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो. पंधरा सेकंदांत गाणं बदलणाऱ्यांचं हे काम नाही, बरं का! भाऊ गेल्यावर लिहिलेलं एक गाणं फार हळवं आहे. पण सगळा अल्बम एकाच सुरात उदास. पावसाळी दुपारी ठीक, रोज नको.

घरात ‘काय आयकून राहिला बे, बंद कर थे ढणढण!’ अशी हाक आली, तर ‘इंडियन ओशन’चा ‘कंदिसा’ लावा. हा २००० सालचा, म्हणजे जुना, पण नवा वाटतो. दिल्लीच्या या बँडमध्ये असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. २००९ साली ते गेले. ‘कंदिसा’ ही केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. भाषा सिरियाक. ती तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही, पण हजारो पोरांनी ती पाठ केली. ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं. आपला मेळघाट आणि तापी ओलांडून उत्तरेला गेलं की नर्मदाच लागते. बँडचे राहुल राम स्वतः नर्मदा बचाओ आंदोलनात होते.

आणि पालकहो, रात्ररात्र खंजिरी भजनात बसणारी माणसं आपण. गुरुकुंज मोझरी आपल्याच जिल्ह्यात! पोरांचा ड्रम ऐकायला आपल्याला काय जड? एक गाणं पूर्ण ऐका, मग ओरडा.