नाशिकरोडची मैदाने ओस का पडली?

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारत अजिंक्य ठरला. दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच खेळाडूंकडे होते. कबड्डीला तर 2014 पासून व्यावसायिक लीगचे वैभव लाभले आहे. खेळाडूंचे लिलाव होतात, झगमगाटात सामने होतात आणि घरोघरी ते पाहिले जातात. अशा काळात हौशी खेळाच्या ऱ्हासाविषयी लिहिणे हे कित्येकांना म्हाताऱ्यांचे रडगाणे वाटेल. परंतु ज्यांना तसे वाटते त्यांनी एखाद्या संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास जेलरोड, नेहरूनगर, देवळाली गाव या बाजूने एक फेरी मारून यावी. फक्कीने आखलेले कबड्डीचे क्रीडांगण किंवा रोवलेले दोन खुंट त्यांना किती ठिकाणी दिसतात, ते मोजावे. मोजणीला फार वेळ लागणार नाही.

या स्थितीचे खापर मोबाईलवर फोडण्याची प्रथा आहे. पूर्वी ते दूरदर्शनवर फोडले जाई आणि त्याआधी सिनेमावर. मुलांना खेळावेसे वाटत नाही, हे निदान पालकांना आणि शासनालाही सोयीचे आहे, कारण त्यात दोष मुलांचा ठरतो. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. पोरांच्या अंगातली रग एका पिढीत नाहीशी होत नसते. नाहीशी झाली आहेत ती मोठी माणसे. संध्याकाळी ठरल्या वेळी मोकळी होणारी, मुलांना जमविणारी आणि त्याबद्दल एक पैसाही न घेणारी ती माणसे होती.

नाशिकरोडचा इतिहास पाहिला म्हणजे हे चांगले उमजते. हे गाव रेल्वे स्थानकाभोवती वाढले आणि सरकारी कारखान्यांनी त्याला आकार दिला. 1920 च्या दशकाच्या मध्यास, पूर्वी इंग्लंडहून छापून येणारी टपाल तिकिटे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस उभा राहिला. पुढे एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आले. या सर्वांनी गावाला पगाराबरोबर वेळापत्रकही दिले. पाळी केव्हा सुटणार हे कामगाराला ठाऊक असे, त्याच्या बायकोला ठाऊक असे आणि त्याच्या संघालाही ठाऊक असे. कारखान्याची वसाहत जवळ, वसाहतीत मोकळी जागा, आणि नोकरी अशी की ती उद्या जाईल ही धास्ती नाही. वेळ, जागा आणि निर्धास्तपणा या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून मैदान उभे राहिले.

'हौशी' या शब्दाचा अर्थही येथे वेगळा होता. इंग्लंडात 1962 पर्यंत क्रिकेटमध्ये 'जंटलमन' विरुद्ध 'प्लेअर्स' असा सामना होत असे. तेथला हौशी खेळाडू हा मुळात पोटाची चिंता नसलेला गृहस्थ. आपल्याकडे मात्र हौशी खेळाडू म्हणजे हजेरीपटावर सही करणारा कारकून, यंत्रावर उभा राहणारा कामगार किंवा प्राथमिक शाळेतला मास्तर. त्याच्या हौसेचा आधार इस्टेट नव्हती, निश्चित तासांची कायम नोकरी होती. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचे काहीच कळणार नाही.

या माणसांपैकी खेळाडू लोकांच्या स्मरणात राहतो. कार्यवाह राहत नाही. वास्तविक मंडळ चालविले ते त्याने. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार तो फिरला. स्पर्धेची भाग्यपत्रिका त्यानेच रात्री कंदिलाच्या किंवा चाळीस वॅटच्या दिव्याखाली आखली. पंचांना चहा, बाहेरगावच्या संघाची शाळेच्या वर्गात झोपण्याची सोय, जखमी पोराला दवाखान्यात पोहोचविणे, आणि वर्षअखेरीस सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घेणे, हे सारे त्याच्याच माथी. बक्षीस समारंभात मात्र तो मागे सतरंज्या उचलताना दिसे. माझ्या लहानपणी आमच्या मंडळाचे कार्यवाह एका कचेरीत लेखनिक होते. सायकलच्या कॅरियरला फक्कीची पिशवी बांधून ते थेट मैदानावर येत, आणि ते आल्याखेरीज चढाई सुरू होत नसे. ते चांगले खेळत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांना खेळताना मी कधी पाहिलेच नाही.

मुलींच्या खो-खोची कथा अशीच, पण अधिक नाजूक. आईबाप मुलीला सातपर्यंत मैदानावर ठेवीत ते 'बाई आहेत ना तिथे' या एका भरवशावर. बाई साडेपाचला निघून गेल्या की मुली सहाला निघतात आणि महिन्याभरात यायच्याच थांबतात. मैदान ओसरू लागले म्हणजे आधी मुली दिसेनाशा होतात.

आज तो कार्यवाह का मिळत नाही? नव्या पिढीत सेवावृत्ती उरली नाही, हे उत्तर उथळ आहे. दोन्ही प्रेस 2006 मध्ये महामंडळाच्या स्वरूपात गेले. कारखाने आजही चालतात, परंतु जुन्या काळाइतकी कायम कामगारांची भरती आता कोठेच होत नाही. आजचा तरुण सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे असतो, नाहीतर घरपोच माल पोहोचविण्याच्या कामावर असतो. त्याची पाळी आठवड्याला बदलते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण संघाचा सराव आठवड्याच्या बेरजेवर होत नाही, तो रोज संध्याकाळी होतो. बारा तास उभे राहिलेला माणूस मैदानावर येईल तो फार तर बसायला.

शिक्षकांचे म्हणाल तर तेथे कायद्यानेच दार अर्धे लावून घेतले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले आहे, ही समाधानाची गोष्ट. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विद्यार्थिसंख्या शंभरावर असेल तर, शारीरिक शिक्षणाला निदेशक द्यावा असे आहे, पण तो अंशकालीन. ज्याचे मानधन तासांवर मोजायचे तो शाळा सुटल्यावर शिटी घेऊन का थांबेल? आणि पूर्णवेळ शिक्षकाची संध्याकाळ तर माहितीचे तक्ते भरण्यात जाते, हे या पानाच्या वाचकांना मी सांगावयास नको.

या मोकळ्या झालेल्या जागेत पैसा शिरला, ते क्रमप्राप्तच होते. शहरात तासाच्या भाड्याने कृत्रिम हिरवळ मिळते. मित्रमंडळी वर्गणी काढून तासभर क्रिकेट खेळतात आणि घरी जातात. त्यांना दोष देता येणार नाही, परंतु तेथे पाचवीतला आगंतुक पोरगा कडेला बसून 'मला घ्या ना' म्हणू शकत नाही. कबड्डीही मातीवरून मॅटवर गेली. अंगाला खरचटत नाही, खेळ वेगवान होतो, हे खरेच. पण मॅटला काही लाख रुपये लागतात आणि ती ठेवण्यास छप्पर लागते. मातीवर वाढलेला गल्लीतला संघ मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीतच अडखळतो. दुसऱ्या वर्षी तो नावच नोंदवीत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हौशी मंडळांच्या सुवर्णकाळात आपण पदके किती मिळविली? खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. त्यांना तेथे पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले होते. त्यानंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास 72 वर्षे लागली. 2024 मध्ये पॅरिसला ते मिळविणारे स्वप्नील कुसळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडले. नेमबाजीचे धडे त्यांनी आपल्या नाशिकलाच गिरविले. म्हणजे पदक हवे असेल तर निवड, प्रशिक्षक आणि साधने लागतात. प्राचार्याच्या घरावर कर्ज काढून ते काम होत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

मात्र प्रबोधिनी शंभरातला एक निवडते. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय, हा तिच्या कक्षेतला प्रश्न नाही आणि तो तिला विचारूही नये. त्या नव्व्याण्णवांनाही कोणाच्या तरी आज्ञेत राहणे, पंचाचा चुकीचा निर्णय सोसणे, परक्या आळीतल्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून साखळी धरणे, हे शिकावयाचे असते. नाशिकरोडला बाहेरगावाहून आलेली, नाना जातींची, नाना भाषांची कुटुंबे एकमेकांना ओळखू लागली ती पुष्कळशी मैदानावर. कुसळे यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. घडविले प्रबोधिनीने, परंतु पॅरिसला जाईपर्यंत त्यांच्या पोटापाण्याची सोय मध्य रेल्वेतील तिकीट तपासनिसाच्या नोकरीने केली होती. जुन्या कार्यवाहालाही अशाच एका नोकरीने उभे केले होते.

कामाचे तास आणि कंत्राटी पद्धत हे प्रश्न नाशिकरोडच्या हातातले नाहीत. शाळांची मैदाने आहेत. ती शाळा सुटताच कुलूपबंद होतात, कारण मूल पडले-झडले तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. ही भीती खोटी नाही. तेव्हा जबाबदारी लेखी स्वरूपात वाटून घ्यावी लागेल. पाच ते आठ या वेळेत मैदान नोंदणीकृत मंडळाच्या स्वाधीन, विम्याचा हप्ता पालिकेचा, आणि जो शिक्षक थांबेल त्याचे ते तास कामाचे तास म्हणून धरावयाचे, दुसऱ्या दिवशी त्याला तेवढी सूट द्यावयाची. खर्च पाहिला तर एका रस्त्याच्या डांबरीकरणाइतकाही येणार नाही. निवृत्त कारकून आणि शिक्षक या गावात शेकड्यांनी आहेत. त्यांपैकी कित्येकांना फक्की कशी मारतात हे अजून आठवत असेल. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा एका शाळेच्या मुख्याध्यापकांकडे चौघांनी मिळून तसा अर्ज द्यावा. अर्जावर सहीचा शिक्का उमटतो की 'वरिष्ठांकडे सादर' असा शेरा, तेवढे तरी कळेल.