पंपाखालचा थेंब

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्यांची पेढी असलेल्या एका कुटुंबाने वारणाकाठच्या आपल्या मळ्यात काही वर्षांपूर्वी लहानसे घर बांधले आणि नातवंडांच्या आग्रहाखातर घरामागे पोहण्याचा तलावही केला. २४ फूट लांब, १२ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल. पाणी सुमारे ३२ हजार लिटर. घरातील आजींना हा तलाव आरंभापासूनच रुचला नव्हता. पिण्याचे पाणी आजही गाळून घेणाऱ्या घरात एवढे पाणी केवळ डुंबण्यासाठी साठवावे, ही कल्पनाच त्यांना खटकत असे. तथापि सुट्टीत पुण्या-मुंबईची मुले मळ्यावर येऊन राहू लागली आणि आजींचा विरोध पुटपुटण्यापुरताच उरला.

तलावाचे पाणी खेळते ठेवणारा पंप घरामागील एका छोट्या खोलीत, तलावाच्या पातळीपेक्षा थोडा खाली बसविलेला होता. एक अश्वशक्तीची मोटार, तिच्यापुढे प्लास्टिकचे कवच, त्यात फिरणारा इम्पेलर आणि सर्वांत पुढे पाला व केस अडविणारी जाळी असलेले, पारदर्शक झाकणाचे भांडे. एप्रिलच्या अखेरीस मळ्याची देखभाल करणाऱ्या गड्याला मोटार आणि कवच यांच्या मधल्या फटीखाली ओला डाग दिसला. दोन-चार दिवसांत तेथे थेंब पडू लागले. त्याने खाली डबा ठेवला आणि घरातील थोरले, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, त्यांच्या कानांवर ही गोष्ट घातली. पण काळजीच्या सुरात नव्हे.

"थेंब पडतोय तर पडू दे की, अण्णा. हिरीवरच्या पंपाचंबी पडतंयच की."

अण्णांनाही ते पटले. या पटण्यामागे अडाणीपणा नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. शेतीवरच्या जुन्या पंपात दांडा जेथे कवचातून बाहेर येतो, तेथे ग्लँड असते. तीत ग्रीस व ग्रॅफाइट मुरविलेली डोरी वेटोळी घालून दाबलेली असते. त्या डोरीतून थोडे थोडे पाणी ठिबकणे आवश्यकच असते. त्याच पाण्याने फिरता दांडा थंड राहतो. नट अधिक आवळून थेंब पूर्ण बंद केला, तर डोरी करपते आणि दांड्यावर चरे पडतात. तरुणपणी नदीवरच्या पंपावर रात्री काढलेल्या अण्णांना हे कोणी शिकवावे लागत नव्हते.

तलावाच्या पंपात मात्र ग्लँडही नसते आणि डोरीही नसते. तेथे मेकॅनिकल सील असतो. एक कडी सिरॅमिकची, दुसरी कार्बनची. दोहोंचे चेहरे आरशासारखे घासून सपाट केलेले. एक स्थिर राहते, दुसरी दांड्याबरोबर फिरते आणि एक स्प्रिंग त्यांना सतत एकमेकींवर दाबून धरते. दोहोंमध्ये पाण्याचा इतका पातळ थर असतो, की तो डोळ्यांना दिसत नाही. असा सील निरोगी असेल तर खाली थेंब पडतच नाही. पडू लागला, की सील गेला असे समजावे; आवळण्यासारखे तेथे काहीच नसते. शिवाय गळणारे पाणी दांड्याच्या अंगाने थेट मोटारीकडे जाते आणि मोटारीचे पुढचे बेअरिंग तेथून जेमतेम काही बोटांवर असते.

व्यापाऱ्याच्या घरात तोट्याचा हिशेब होतोच. अण्णांच्या धाकट्या बंधूंनी तोही मांडला. सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचे एक मिलिलिटर, म्हणजे दिवस-रात्र मिळून सव्वाचार लिटरच्या आसपास. आणि उन्हाने रोज ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी या तलावातून दिवसाला सुमारे १३० लिटर पाणी वाफ होऊन जाते. सूर्य १३० लिटर नेत असताना सव्वाचार लिटरसाठी पंप कशाला उघडायचा? हिशेब बिनचूक होता. चुकले होते ते खाते. हा तोटा पाण्याच्या नावे लिहिण्याजोगा नव्हताच.

मेच्या पहिल्या आठवड्यात मुले आली आणि त्याच सुमारास पंप सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत वीज जाऊ लागली. पंपाच्या खोलीतल्या फळीवरचा ई.एल.सी.बी. वारंवार खाली पडे. जवळच्या गावातील वायरमन आला. मोटार फिरते आहे, पाण्याला दाब आहे, त्या अर्थी दोष स्विचचाच असे त्याने ठरविले, आणि ई.एल.सी.बी. वगळून तार सरळ एम.सी.बी.ला जोडून दिली. पंप बिनतक्रार चालू लागला. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

दिसायला हे दोन्ही स्विच सारखेच असल्याने घरोघरी त्यांच्यात घोटाळा होतो. एम.सी.बी. पडतो तो तारेतून वाजवीपेक्षा अधिक वीज वाहू लागली तर. थोडीशी वीज वाट चुकून पाण्यात, भिंतीत किंवा माणसाच्या अंगात उतरत असेल, तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ई.एल.सी.बी. मात्र गेलेली आणि परत आलेली वीज ताडून पाहतो, अगदी रोजमेळ जुळवावा तशी. घरगुती वापरातील संरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरची तफावत आली, की पुरवठा तोडतो. तो वारंवार पडतो याचा अर्थ कोठेतरी वीज गळते आहे. त्याला वगळणे म्हणजे जमा-खर्च जुळेना म्हणून मुनिमालाच घरी पाठविण्यासारखे झाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरल्या सूनबाई धाकट्याला पाण्यातून वर घेण्यासाठी तलावाच्या स्टीलच्या शिडीला धरून वाकल्या. ओल्या हाताला झिणझिण्या आल्या. हात अवघडला असेल असे त्यांना वाटले. पुन्हा धरली, तर पुन्हा तेच. पाण्यात त्या वेळी चार मुले होती. कोणीही शिडीला हात लावू नये, असे त्यांनी ओरडून सांगितले आणि दिराला घराचा मुख्य स्विच बंद करण्यास धाडले. वीज गेल्याची खात्री झाल्यावर, शिडी टाळून, मुलांना कडेवरून एकेक करून वर ओढून घेतले. कोणालाही इजा झाली नाही. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून परवानाधारक विद्युत कंत्राटदार आला. त्याने मेगर लावून मोटार तपासली. वाइंडिंगला ओल धरली होती, पुढच्या बेअरिंगवर गंज चढला होता आणि मोटारीच्या अंगाला जोडलेली अर्थिंगची तार त्याच गळत्या पाण्याने कुजून पेचाखालून सुटली होती. ओल्या वाइंडिंगमधून वीज मोटारीच्या धातूत, तेथून दांड्यावर आणि दांड्यावरून गळत्या सीलच्या वाटेने तलावाच्या पाण्यात उतरत होती. दोष सुटाच राहता, तर ई.एल.सी.बी.ने निभावून नेले असते. तोच काढून ठेवलेला होता.

यानंतर कामाची वाटणी झाली. विजेचे जे जे काही, ते परवानाधारकाकडे. त्यात घरच्यांनी हात घालायचा नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेली. तेथे वाइंडिंग भट्टीत वाळवून वार्निश देण्यात आले व बेअरिंग बदलले. पाण्याच्या बाजूचे काम पेढीवर बसणाऱ्या पुतण्याने अंगावर घेतले. त्याचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तरीही ते काम त्याला साधले. पंपाचे हे अंग तितके सोपे आहे, घाई मात्र करता कामा नये.

त्याची पद्धत इतरांनाही उपयोगी पडेल. मुख्य स्विच बंद करून त्याने फळीला कुलूप लावले आणि टेस्टरने खात्री केली. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, तळाच्या बुचांतून पाणी सोडून दिले आणि प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतले. कवचाचे बोल्ट काढल्यावर मोटार इम्पेलरसकट मागे सरकली. नळ सोडवावे लागले नाहीत. इम्पेलर दांड्यावर आट्यांनी बसविलेला असतो. मोटारीच्या मागचे टोपण काढून दांडा पान्याने धरायचा आणि इम्पेलर डावीकडे फिरवायचा. काही पंपांत इम्पेलरच्या मध्यभागी आणखी एक छोटा स्क्रू असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. तो न पाहता जोर लावला, तर इम्पेलरच तुटतो. जुना सील बाहेर आला, तेव्हा त्याच्या कार्बनच्या कडीवर जळाल्यासारखे वळ होते.

नवा सील आणण्यासाठी त्याने जुना सील बरोबर नेला. अंदाजाने आणलेला सील बसत नाही. दांड्याची जाडी आणि सीलची उंची दोन्ही जुळावी लागतात. त्याची किंमत नव्या मोटारीपुढे अगदीच किरकोळ होती. बसविताना घासलेल्या चेहऱ्यांना बोट लावायचे नाही, कारण बोटाचा तेलकटपणाही त्यांना बाधतो. ग्रीस तर मुळीच नको. रबराच्या बाहेरच्या अंगाला साबणाचे पाणी लावून, स्वच्छ कापड मध्ये धरून, अंगठ्यांनी सरळ दाबावे. घासलेली बाजू दुसऱ्या कडीकडे आली पाहिजे. कवचाची ओ-रिंग त्याने बदलली आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावले. घरात असते म्हणून अनेक जण व्हॅसलीन लावतात, पण खनिज तेलाच्या अशा पदार्थाने रबर फुगू शकते. बोल्ट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले आणि दांडा हाताने मोकळा फिरतो की नाही ते पाहिले.

सगळीच गळती सीलची नसते, हेही येथे नमूद करावयास हवे. भांड्याच्या झाकणाची ओ-रिंग गेली, तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही; उलट हवा आत ओढली जाते आणि झाकणाखाली बुडबुडे दिसतात. पंप थांबल्यावरच तेथून ठिबकू लागते. वरच्या नळाच्या जोडातून गळत असेल, तर तेथे टेफ्लॉन टेपचे काम. म्हणून पंप कापडाने कोरडा करून खाली जुने वर्तमानपत्र पसरावे आणि पहिला डाग कोठे उमटतो ते पाहावे. त्याआधी एम-सील हाती घेऊ नये. फिरत्या दांड्याभोवतीची फट कोणत्याही लेपाने बुजत नाही.

सील जळाला कशाने, हे शोधताना धाकट्या बंधूंचा तोच हिशेब पुन्हा समोर आला. रोज ५ मिलिमीटर म्हणजे पंधरा दिवसांत साडेसात सेंटिमीटर. एप्रिलमध्ये मळ्यावर कोणी राहत नव्हते. तलाव उन्हाने उतरत गेला आणि पाणी कडेच्या स्किमरच्या तोंडाखाली आले. स्किमर पाण्याऐवजी हवा ओढू लागला आणि पंप रोज ठरल्या वेळी कोरडाच फिरत राहिला. त्या दोन कड्यांना थंड ठेवणारे पाणीच मिळेना, तेव्हा त्या एकमेकींवर घासून जळाल्या. पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत असावे, एवढे पाहिले असते तरी पुरे होते. आता त्या उंचीवरच्या फरशीवर आजींनीच लाल रंगाची रेघ ओढून घेतली आहे आणि गड्याने फोनवरून पाण्याची पातळी सांगितल्याशिवाय त्या सकाळचा चहा घेत नाहीत.

मोटार परत आली. ई.एल.सी.बी. नवा बसला. शिडी, कठडा आणि पंपाचे अंग तांब्याच्या तारेने एकमेकांना व अर्थिंगला जोडण्यात आले. स्विचवरचे चाचणीचे बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबून पाहायचे आणि ते दाबताच स्विच पडला नाही तर पंप चालवायचा नाही, असे ठरले. पुतण्याने भांड्यात पाणी भरले, व्हॉल्व्ह उघडले, पंप सुरू केला आणि खाली वर्तमानपत्र अंथरले. मुलांना लगेच पाण्यात उतरू दिले नाही. कंत्राटदाराने पुन्हा तपासणी करून होकार दिल्यावर, चौथ्या दिवशी ती उतरली. वर्तमानपत्र तोवर कोरडेच होते.

त्याच आठवड्यात अण्णा विहिरीकडे गेले, तर गडी मोठा पाना घेऊन जुन्या पंपाची ग्लँड आवळीत बसला होता. थेंब जवळजवळ थांबला होता.

"सोड तो नट," अण्णा म्हणाले. "याचा थेंब पडू दे."