घरचा हिशेब : एक रुपयाचा विसार



बैलबाजारात जनावर आवडले म्हणून आपण लगेच सगळे पैसे मोजत नाही. दात पाहतो, चालवून पाहतो, ओळखीचा माणूस असेल तर चार दिवस औताला जुंपूनही पाहतो. नाही पटले तर जनावर परत नेऊन बांधतो. पण एकदा विसार दिला की व्यवहार ठरला. मग तो विसार एक रुपयाचा असो की शंभराचा. ही रीत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

हाच व्यवहार आता मोबाईलमध्ये शिरला आहे आणि तिथे मात्र भलेभले फसतात. मुलांच्या अभ्यासाचे, मालिकांचे, गाण्यांचे, राशिभविष्याचे असे कुठले तरी अॅप समोर येते. ‘सात दिवस मोफत वापरून पाहा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ‘त्यानंतर दरमहा १९९ रुपये’ हे खाली बारीक अक्षरांत असते. मग एक-दोन रुपये भरायला सांगतात आणि यूपीआयचा पिन मागतात. आपण म्हणतो, रुपयाच तर आहे! काही ठिकाणी तो रुपया परतही येतो. नंतर सात दिवस ते अॅप कोणी उघडूनही पाहत नाही. आठव्या दिवशी खात्यातून १९९ रुपये जातात. पुढल्या महिन्यात पुन्हा जातात.

तो रुपया म्हणजे विसार होता, हे कोणी सांगितलेले नसते. आणि बाजारापेक्षा इथली रीत उलटी आहे. बाजारात गप्प राहिलात तर सौदा होत नाही. इथे गप्प राहिलात तर सौदा पक्का होतो.

१९९ रुपये म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण महिन्याला १९९ म्हणजे वर्षाला २,३८८ रुपये. पीएम किसानचा एक हप्ता २,००० रुपयांचा. म्हणजे एक अख्खा हप्ता आणि वर थोडे, कोणी न पाहिलेल्या अॅपच्या घशात! शिवाय पैसे कोणत्या दिवशी जातात तेही पाहावे लागते. दुधाचे बिल जमा झाले, ट्रॅक्टरच्या हप्त्यापुरती रक्कम खात्यात ठेवली, आणि आदल्या दिवशी दोनशे रुपये निघून गेले, तर हप्ता परत जातो. मग बँकेचा दंड वेगळा आणि नाव खराब होते ते वेगळे.

हे पैसे पिन न विचारता जातात कसे, ते समजून घेऊ. जुलै २०२० पासून यूपीआयमध्ये ‘ऑटोपे’ची सोय आली. वीजबिल, विमा यांसारखे ठरावीक देणे आपोआप भरले जावे म्हणून ती आहे, आणि सोय चांगली आहे. सुरुवातीला एकदा पिन टाकून आपण परवानगी देतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता जाऊ शकते. तेव्हा तो पहिला पिन म्हणजे आपली सही आहे. सहीआधी कागद वाचावा, तसा पिन टाकण्याआधी पडदा वाचावा. रक्कम किती रुपयांपर्यंत, दर महिन्याला की दर वर्षाला, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही तिथे लिहिलेले असते.

आता सर्वांत मोठा गैरसमज. अॅप नको झाले की आपण ते मोबाईलमधून काढून टाकतो आणि सुटलो असे समजतो. तसे होत नाही. अॅप काढणे म्हणजे दुकानाकडे पाठ फिरवणे. सही केलेला कागद दुकानदाराकडे तसाच राहतो. तो दोन ठिकाणी रद्द करावा लागतो.

पहिले ठिकाण म्हणजे ज्या अॅपची वर्गणी आहे ते अॅप. ती प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्ले स्टोअर उघडून वर आपल्या चित्रावर बोट ठेवावे आणि ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ती बंद करावी. दुसरे ठिकाण म्हणजे पैसे पाठवण्याचे आपले अॅप. त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅंडेट’ या नावाखाली दिलेल्या परवानग्यांची यादी असते. नको ती परवानगी तिथे रद्द करता येते. कार्डावरून परवानगी दिली असेल तर बँकेकडे हीच सोय असते. रद्द करताना पिन विचारला, तर तो आपल्याच अॅपमध्ये विचारला आहे ना, एवढे पाहावे.

काही वापरून पाहायचेच असेल, तर त्याच दिवशी वर्गणी रद्द करून टाकावी. बहुतेक ठिकाणी मोफतचे दिवस तरीही पुरे वापरता येतात. उद्या करू म्हटले की पेरणी येते, पाहुणे येतात आणि तारीख उलटते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे जाण्याआधी निदान २४ तास सूचना यायला हवी. कोणाला, किती आणि कधी जाणार, हे तीत असते, आणि त्या वेळीही नाही म्हणता येते. पण ही सूचना बहुधा इंग्रजीत येते आणि जाहिरातींच्या ढिगात बुडते. म्हणून बँकेचा संदेश आला की शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा.

तरीही पैसे गेलेच तर काय करावे? आधी वर्गणी आणि परवानगी दोन्ही रद्द करा. मग लगेच कंपनीकडे लेखी परतावा मागा आणि पडद्याचे फोटो जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांतला एक. रद्द करण्याची वाट लपवून ठेवणे किंवा अवघड करणे त्यात येतेच. मोफत गोष्टीसाठी आपोआप पैसे कापण्याची परवानगी सक्तीने घेणेही त्यात येते. तेव्हा तक्रार करताना भीड बाळगू नका.

आपण परवानगी दिलीच नव्हती आणि पैसे गेले, तर प्रकार वेगळा. तेव्हा ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले असेल, तर असे नुकसान आपल्यावर येऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येते.

एक मात्र करू नका. ‘परतावा देतो’ म्हणून कोणाचा फोन आला तर ओटीपी सांगू नका आणि पडदा दाखवणारे अॅप घेऊ नका. पैसे यायला पिन लागत नाही, ही खूणगाठ बांधून ठेवा.

शेवटी घरातली गोष्ट. पुष्कळ घरांत मोबाईल एक, पिन आजोबांचा आणि बोट नातवाचे. पैसे गेले की पहिला धपाटा नातवाला बसतो, नाही तर बोलणी सुनेला. त्याने गेलेला रुपया परत येत नाही. उलट पुढच्या वेळी सूचना आली तरी मूल भीतीने ती दडवते, आणि दोनशेच्या जागी दोन हजार जातात. म्हणून सांगणाऱ्याला रागावू नका. पिन मोठ्यांनीच टाकावा, पण वाचून घेतल्यावाचून टाकू नये. पीककर्जाचे आणि हप्त्यांचे खाते यूपीआयला जोडू नये. रोजच्या खर्चापुरते वेगळे खाते जोडावे.

आणि अमावास्येला औत बंद असते, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऑटोपेची यादी उघडून पाहावी. कोणते नाव कोणाच्या कामाचे, ते विचारावे. ज्याला धनी सापडणार नाही, ते तिथल्या तिथे रद्द करावे. पाच मिनिटांचे काम आहे. गोठ्यात बांधलेली जनावरे आपण रोज मोजतो, मग खात्याला तोंड लावून बसलेली ही महिन्यातून एकदा तरी मोजायला काय हरकत आहे?