पिशवीचं नाव, दुसऱ्याचं काम!

आमच्या बीडकडे गर्भाशयाला सरळ ‘पिशवी’ म्हणतात. अंगावरून जातंय? पिशवी खराब. पोटात दुखतंय? पिशवी काढून टाका. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कोयता थांबला की खाडा, खाड्याला दंड. तिथे पाळीसुद्धा परवडत नाही!

आपण एसी ऑफिसवाल्या फार वेगळ्या, असं वाटतं ना? माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीची लागोपाठ दोन मिसकॅरेजेस झाली. सासरचा निकाल तयारच होता : ‘हिची पिशवीच नाजूक. त्यात रोज बाइकवरून जाणं!’ मी तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेले, तेव्हा वेगळंच ऐकायला मिळालं.

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्मे तरी गर्भाच्याच गुणसूत्रांतल्या गडबडीमुळे होतात. बाइक आणि लॅपटॉप बिचारे निर्दोष! पण पुन्हा तेच घडलं, तर कारण शोधायलाच हवं. हॉर्मोन्सच्या बाजूने बघायचं ते थायरॉइड आणि शुगर. दोन्ही औषधांनी ताब्यात येतात. इम्युनिटीच्या बाजूने मुख्य संशयित म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडीज वारेचं काम बिघडवतात, रक्ताच्या गुठळ्या करतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी किमान १२ आठवड्यांनी परत करायची, कारण साध्या इन्फेक्शननंतरही या अँटिबॉडीज तात्पुरत्या दिसू शकतात. निदान पक्कं झालं, की गरोदरपणात कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं.

प्रोजेस्टेरॉन सरसकट सगळ्यांना लागत नाही. ब्रिटनमधल्या ‘प्रिझम’ चाचणीत (२०१९) चार हजारांवर बायका होत्या. फायदा दिसला तो आधी गर्भपात झालेल्या आणि आत्ता रक्तस्राव होणाऱ्यांना. ‘नॅचरल किलर’ पेशींच्या महागड्या टेस्ट किंवा नवऱ्याच्या रक्तातल्या पेशी टोचून घेणं, यांना मात्र भक्कम पुरावा नाही. क्रेडिट कार्ड काढण्याआधी सेकंड ओपिनियन घ्या!

मैत्रिणीचा टीएसएच वाढलेला निघाला. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. पुढचं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कारण सापडलं नाही, तरी अशा बहुतेक बायकांना पुढे मूल होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी नीट जेवली.

तेव्हा मैत्रिणींनो, दोनदा असं झालं तर तिसऱ्याची वाट बघू नका. तपासण्या करा, नवऱ्याला सोबत न्या. आणि घरी कुणी पिशवीचं नाव काढलंच, तर रिपोर्टची फाइल पुढे ठेवा!