शस्त्रक्रिया थांबल्या, शल्यविशारद खचले

एप्रिल २०२० मध्ये मुंबईचे नायर रुग्णालय कोविडसाठी राखीव झाले. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या आणि शल्यचिकित्सेचे निवासी डॉक्टर पीपीई किट चढवून कोविड कक्षात रुजू झाले. ते खचले, ते केवळ कामाच्या तासांमुळे नव्हे. शल्यविशारदाचे समाधान शस्त्रक्रियागृहात असते. तीन वर्षांच्या 'एमएस' अभ्यासक्रमात हुकलेला सराव पुस्तके भरून देत नाहीत. त्यातच जानेवारी २०२१ मध्ये अपेक्षित असलेली 'नीट-पीजी' सप्टेंबरपर्यंत लांबली. प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. नवी तुकडी वेळेवर न आल्याने भार जुन्यांवरच पडला. पुढच्या साथीचा आराखडा आखताना रुग्णखाटांबरोबरच शस्त्रक्रियांच्या प्रशिक्षणाचीही तजवीज व्हायला हवी. टाळ्या-थाळ्यांनी हात तयार होत नाहीत.