लेहच्या सहलीतले दोन रिकामे दिवस

मे महिन्यात जेऊरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि थंड हवेच्या गप्पा सुरू होतात. पूर्वी या गप्पा महाबळेश्वरपाशी थांबायच्या. आता उजनीकाठची केळी परदेशी जातात, घरातला एखादा मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि बेत थेट लेहचा ठरतो. जेऊरहून रेल्वेने पुणे, तिथून दिल्ली आणि पहाटेच्या विमानाने लेह. ‘आयुष्यात एकदा’ म्हणून आई-वडिलांचेही तिकीट काढले जाते. बेतात विमानाच्या वेळा असतात, हॉटेलचे भाडे असते, शाकाहारी जेवण मिळेल का याचीही चौकशी झालेली असते. फक्त उंचीचा हिशेब कोणी केलेला नसतो.

जेऊर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, दिल्ली त्याहूनही खाली. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर. विमान हे अंतर दीड तासात कापते. शरीराला तेवढ्याच चढाशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असते, पण हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. खारदुंगला खिंडीत तर जेमतेम निम्मा.

भारतीय डॉक्टरांना हा आजार नवा नाही. 1962च्या युद्धानंतर सैनिकांना मैदानातून घाईने हिमालयात चढवावे लागले. त्यांच्यापैकी 1,925 आजारी सैनिकांचा अभ्यास डॉ. इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो जगभर संदर्भ म्हणून वापरला गेला. ते सैनिक तरुण होते, धडधाकट होते, तरीही आजारी पडले. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, फिटनेसचा दाखला द्या’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही. दाखल्यावर रक्तदाब लिहिता येतो, उंचीवर कोणाला त्रास होईल हे लिहिता येत नाही. उलट शेतात राबणारा तरुण ‘मला काय होतंय’ म्हणत पहिल्याच दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढतो आणि रात्री डोके धरून बसतो.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवात. बहुतेकांना विश्रांतीने एक-दोन दिवसांत बरे वाटते. त्रास असताना आणखी वर गेले की प्रकरण बिघडते. बसल्या जागी धाप लागणे, थांबत नसलेला खोकला, गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी होणे. चालताना झोकांड्या जाणे, बोलण्यात गोंधळ म्हणजे मेंदूला सूज. अशा वेळी ऑक्सिजन लावून त्या माणसाला ताबडतोब खाली आणणे हाच खरा इलाज. ‘सकाळी बघू’ म्हणण्याची ही वेळ नव्हे. लेहमध्ये सोनम नुरबू स्मारक रुग्णालय आहे, तिथे या आजाराची रोजची सवय आहे. पँगाँगच्या तंबूत मध्यरात्री ती सोय नसते.

तेव्हा वाद आहे तो वेळापत्रकाशी. ‘पाच रात्री, सहा दिवस’ या सहलीत दुसऱ्याच सकाळी खारदुंगला असतो, कारण रिकामा दिवस विकला जात नाही. लडाखचे प्रशासन अठ्ठेचाळीस तास विश्रांतीची सूचना देते. ती माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सापडली तर नशीब. प्रत्येक मुक्कामासमोर त्या जागेची उंची छापण्याची सक्ती सहल कंपन्यांवर करायला हवी. खाटेचे भाडे छापता येते, तर उंचीही छापता येईल.

रेल्वेने जम्मूच्या बाजूने जाऊन श्रीनगर, कारगिलमार्गे लेह गाठले तर दोन दिवस जास्त जातात, पण चढ हळूहळू होतो. मनालीच्या रस्त्याने मात्र सरचूचा मुक्काम लेहपेक्षाही उंचावर पडतो, तो ज्येष्ठांना घेऊन टाळावा. लेहला पोचल्यावर दोन दिवस खरोखर काही करू नये. नुब्रा लेहपेक्षा थोडे खाली आहे, मुक्काम तिथे बरा. पँगाँग सगळ्यात शेवटी, आणि वयस्करांसाठी रात्र न काढता.

ॲसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारून, आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगायलाच हवे. कापराची पुडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, आणि तो हातात आहे म्हणून वर चढण्याचे धाडस होते, हा त्याचा मोठा तोटा. पहिल्या रात्री दारू आणि झोपेची गोळी दोन्ही नकोत. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नयेत. इन्सुलिन अंगाशी ठेवावे, बॅगेत गोठले की ते निकामी होते.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. आपल्याकडे अनेकींचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते. ऑक्सिजन वाहून नेणारे रक्तच कमी असेल तर विरळ हवेत दम लवकर लागणार. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि औषधाने फरक पडायला महिना-दोन महिने लागतात. लेहचे तिकीट तीन महिने आधी काढतात. रक्त त्याच आठवड्यात तपासले तर वेळ पुरतो.

केदारनाथलाही हेच लागू आहे. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या आसपास, मंदिर साडेतीन हजारांच्या वर, आणि हे अंतर एका दिवसात. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. उत्तराखंड सरकार चारधामसाठी किमान सात दिवस ठेवायला आणि पंचावन्नपुढच्यांनी तपासणी करून घ्यायला सांगते. गावातून गाडी करून निघणारे मात्र ड्रायव्हरची रजा आणि डिझेल बघून दिवस ठरवतात. सत्तरीच्या आजीला छातीत दुखले तरी ती दर्शन होईपर्यंत बोलणार नाही. तिला दर दोन तासांनी विचारायचे काम कोणाचे, हे निघण्यापूर्वीच घरात ठरवावे.