मोजा, पण कोणासाठी ते आधी ठरवा

संपादक महोदय,

कर्करुग्णांची मनःशांती प्रश्नावलीने मोजू पाहणाऱ्या डॉक्टरांची खिल्ली उडवणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखकांचे म्हणणे असे, की ताप मोजता येतो, श्रद्धा मोजता येत नाही. हा सगळा पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला उद्योग आहे आणि आपल्याकडे घरची माणसे उशापायथ्याशी असताना त्याची गरजच काय? लेख झोकात लिहिला आहे, पण पटला नाही. मी भोपाळमध्ये राहते. मनाकडे न बघितल्याने काय होते ते या शहराने भोगले आहे, आणि नुसते फॉर्म भरून घेतल्याने काय होते तेही.

डिसेंबर 1984 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा सगळे लक्ष डोळे आणि फुप्फुसे यांच्याकडे गेले. ते जायलाच हवे होते. मनाचे डॉक्टर पोहोचायला मात्र फेब्रुवारी 1985 उजाडला. लखनौच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तेव्हा गॅसपीडितांच्या दवाखान्यांत आलेल्या 855 रुग्णांना हो-नाही उत्तरांचे काही साधे प्रश्न विचारले आणि ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांना नीट तपासले. 193 जणांना मानसिक आजार निघाला. पाचांत एकाहून जास्त! ज्यांची झोप उडाली होती, छाती धडधडत होती, त्यांच्यावर एरवी भरपाईसाठी सोंग करण्याचा संशय यायचा. पुढे बंगळूरच्या निम्हान्सचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यांतल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांना मनाचे दुखणे ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवले. त्या आकड्याच्या मागोमाग माणसे आली, हे महत्त्वाचे.

आता कर्करोग. भोपाळच्या गांधी मेडिकल कॉलेजात 1986 पासून शहरातल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. इथल्या पुरुषांत जीभ आणि तोंडाचा कर्करोग किती, त्यात तंबाखू-गुटख्याचा हात केवढा, हे त्यामुळे आपल्याला कळते. अवयव, वय, वस्ती सगळे त्यात असते. रुग्ण रात्री जागा राहून काय विचार करतो, त्याचा रकाना नसतो. तो नोंदवहीत नसला तरी चालेल. केसपेपरवर तरी असावा एवढीच मागणी आहे.

लेखकांना वाटते तेवढी ही साधने बाळबोध नाहीत. चिंता आणि नैराश्य तपासणारी 14 प्रश्नांची एक प्रश्नावली 1983 मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाली. तिच्या कर्त्यांनी भूक न लागणे, थकवा, वजन उतरणे हे प्रश्न मुद्दाम वगळले, कारण हे सगळे शरीराच्या आजारानेही होते. त्यावरून मनाचा अंदाज बांधला तर फसगत होते. किमो चालू असलेल्या माणसाला भूक लागते का विचारून नैराश्य शोधायचे नसते, हे त्यांना कळत होते. दुसरे साधन याहून सोपे: कागदावर थर्मामीटरचे चित्र, 0 ते 10 आकडे, गेल्या आठवड्यात जिवाची तगमग किती झाली तिथे खूण करा. 4 किंवा वर खूण झाली, की कोणीतरी बसून बोलायचे. आणि लेखकांनी ज्याची सर्वाधिक थट्टा केली ते आध्यात्मिक स्वास्थ्याचे साधन, अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेले, अवघ्या 12 प्रश्नांचे आहे. जगण्यात अर्थ वाटतो का, मन निवांत आहे का, श्रद्धेचा आधार वाटतो का, या तीन गोष्टी ते चाचपते.

हे सगळे पाश्चात्त्य, म्हणून आपल्याला गैरलागू? बंगळूरचे डॉ. संतोष चतुर्वेदी यांनी 1991 मध्येच भारतीय कर्करुग्णांसंदर्भात तपासले होते, की चांगल्या जगण्यासाठी आपल्या माणसांना काय महत्त्वाचे वाटते. मनाची शांती, आध्यात्मिक समाधान, आपल्या माणसांत समाधानाने असणे, या गोष्टी हातापायांच्या चलनवलनापेक्षाही वर आल्या. जे रुग्णाला सर्वांत महत्त्वाचे वाटते तेच विचारायचे नाही, हा कुठला स्वदेशी बाणा?

मात्र एका ठिकाणी लेखक बरोबर आहेत, आणि तिथे त्यांनी आणखी खोलात जायला हवे होते. श्रद्धेचे गुण आणि शांतीचे गुण एकत्र बेरजेत घालणे मलाही चुकीचे वाटते. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, आणि ती अश्रद्ध आहे असे कोणी म्हणत नाही. आजारात देवाशी अबोला धरणारी बाई प्रश्नावलीत कमी गुण मिळवील. तिला समुपदेशनाला पाठवण्याची घाई नको. उलट, रोज पोथी वाचणारी, श्रद्धेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण घेणारी एखादी बाई मनातून 'हे मागच्या जन्मीचे भोग' म्हणून स्वतःला खात असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी तर अशा बोचणाऱ्या श्रद्धेसाठी, देव शिक्षा करतो आहे या भावनेसाठी, वेगळे प्रश्न तयार केले. आपल्या रुग्णालयांत ते आधी हवेत.

विचारायचे कसे, हा प्रश्न लेखात आलाच नाही. माझ्या वहिनीच्या वेळी एका रुग्णालयात (ते भोपाळमधले नव्हते) असाच कागद खाटेवर आला. तिचा मुलगा शेजारी बसून उत्तरे देत होता, 'आई खंबीर आहे, लिहा.' वहिनीला तोवर 'साधी गाठ आहे, शेक देऊन जाईल' एवढेच सांगितलेले. कर्करोगाने तुमच्या जगण्याचा अर्थ बदलला का, हे तिला विचारणार कसे? आपल्या घराघरांत हेच चालते आणि ते प्रेमापोटीच चालते. म्हणून पहिली अट, रुग्णाला एकट्याला विचारा, आणि त्याला किती ठाऊक आहे ते आधी त्याच्याच तोंडून काढून घ्या. घरची माणसे उशापायथ्याशी असतात हे खरेच. पुष्कळदा त्यांच्यासमोर रडता येत नाही, हेही तितकेच खरे.

भोपाळला आणखी एक अडचण आहे. इथे जिभेची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पुष्कळ. त्यांना नीट बोलता येत नाही, आणि बैतूल किंवा रायसेनच्या खेड्यातून आलेल्या कित्येकांना लिहिता येत नाही. बारा वाक्ये वाचून दाखवून 'बोला' म्हणणे त्यांच्या बाबतीत क्रूरपणा ठरेल. थर्मामीटरचे चित्र, चेहऱ्यांची चित्रे, हाताची बोटे यांनी भागते. त्यासाठी रुग्णाची बोली कळणारी, दहा मिनिटे खाली बसणारी नर्स लागते.

सगळ्यात अवघड गाठ फॉर्मच्या इतिहासाची आहे. 1989 मध्ये युनियन कार्बाइडशी 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. गॅसपीडितांच्या दाव्यांची वैद्यकीय कागदांवरून वर्गवारी झाली आणि बहुतेकांच्या हाती 25 हजार रुपये आले. 2010 मध्ये केंद्राच्या मंत्रिगटाने कर्करोग झालेल्या गॅसपीडितांना 2 लाखांची मदत ठरवली. जुन्या शहरातल्या माणसाला त्यामुळे एक धडा पक्का पाठ झाला आहे, की डॉक्टरांच्या कागदावर 'बरा आहे' लिहिले गेले तर नुकसान आपले. अशा माणसाला मनःशांतीचे गुण विचारले तर तो दुःखाचे गुण देणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तेव्हा हा कागद मदतीच्या, भरपाईच्या फायलीपासून पूर्ण वेगळा हवा आणि तसे पहिल्याच वाक्यात सांगायला हवे. हमीदिया असो, ईदगाह हिल्सवरचे जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय असो, की एम्स, भोपाळमध्ये ही काळजी घेतली नाही तर मोजणी विश्वासार्ह होणारच नाही.

शिवाय वेदना आधी. हॉस्पिस चळवळ उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी शरीर, मन, नातीगोती आणि अध्यात्म यांचे दुःख एकच मानले, पण म्हणून त्यांनी मॉर्फिन थांबवले नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती मॉर्फिन सुलभ व्हावे म्हणूनच. ज्याच्या जबड्यात ठणका आहे त्याला मन निवांत आहे का विचारायला जाऊ नये. आधी गोळी द्यावी.

लेखकांनी पुढचा लेख जरूर लिहावा. भोपाळ, इंदूर आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयांत जाऊन त्यांनी एवढेच विचारावे, की रुग्णाची खूण 4 किंवा त्याच्या वर गेली तर त्याच्या खाटेशी कोण जाते आणि किती दिवसांत. जिथे उत्तर मिळणार नाही तिथल्या प्रश्नावलीची थट्टा त्यांनी खुशाल करावी; मीही त्यांच्या बाजूने पत्र लिहीन.

आपली,
एक वाचक,
अरेरा कॉलनी, भोपाळ